कोंडलेल्या बाईचं पुस्तक

तिरोड्याच्या भुवनेश्वर पटले वकिलांना लॅटिन येत नव्हतं, हे सुरुवातीलाच सांगितलेलं बरं. कोर्टात फेकायला लागतात तेवढी चार-दोन वचनं पाठ होती, बस. पण घराच्या मधल्या खोलीत काचेची कपाटं होती आणि कपाटांत सगळी जुन्या रोमन कवींची पुस्तकं. दोन-अडीचशे वर्षांपूर्वी युरोपात छापलेली, कातडी बांधणीची, तांब्याच्या पत्र्यावर कोरून काढलेल्या चित्रांची. कातडं कशाचं, ते वकीलसाहेबांनी घरात कधी सांगितलं नाही. गोठ्यात गाई असलेल्या घरात ते सांगण्यासारखंही नव्हतं.

नागपूरला वकिली शिकत असताना त्यांना रद्दीच्या दुकानात असलं पहिलं पुस्तक मिळालं. आतल्या पुठ्ठ्यावर एक छापील चिठ्ठी चिकटवलेली, वर मुकुट आणि खाली कुण्या सरदाराचं नाव. धानाच्या बांध्यांत वाढलेल्या पोराच्या हातात सरदाराचं पुस्तक आलं आणि पोरगं कामातून गेलं. त्यानंतर पुस्तक हाती आलं की ते कविता पाहत नसत. आधी पुठ्ठा उघडून जुना मालक कोण ते पाहत. हे एका बिशपचं. हे एका सेनापतीचं, लढाईवर जाताना खोगिराला बांधलेलं असायचं, कोपऱ्यावर घासल्याची खूण अजून आहे. जबलपूरचे एक डॉक्टर श्रीवास्तव होते, त्यांनाही हेच वेड. दोघांची वर्षानुवर्षं पत्रं चालत, पुढे फोन. गोंदियाहून कुणी जज्ज, कुणी प्राध्यापक जेवायला आला की वकीलसाहेब एकेका मेलेल्या मालकाची त्याच्याशी ओळख करून देत.

जिवंत माणसांची ओळख करून देण्याची मात्र त्यांना सवय नव्हती. चहाचा ट्रे घेऊन दाराशी उभी राहणारी बाई त्यांची बायको आहे, हे पाहुण्याला त्याच्या अकलेने ओळखावं लागे. कुंता तिचं नाव. सालेकशाकडची, कचारगडच्या वाटेवरच्या गावातली, सातवी शिकलेली. पोटी मूलबाळ झालं नाही. मधल्या खोलीच्या उंबऱ्याच्या आत तिला पाऊल टाकायची परवानगी नव्हती. "तुझे हात ओले असतात," असं वकीलसाहेबांनी लग्नाच्या पहिल्याच वर्षी सांगून टाकलं होतं. हात ओले असत हे खरंच. ते कोरडे राहावेत म्हणून तिला कुणी बसवून खाऊ घालत नव्हतं. तर उंबऱ्याशी उभी राहून कुंताने त्या पुस्तकांच्या गोष्टी ऐकल्या, आणि त्यांतली एक तिच्या मनात घर करून बसली.

ती वकीलसाहेबांच्या सगळ्यांत लाडक्या पुस्तकाची. त्याचे मुळात दोन भाग. यांच्याकडे होता तो पहिला. त्याची मालकीण एका राजाची बहीण. भावाच्या मनाविरुद्ध लग्न करायला निघाली म्हणून भावाने तिला किल्ल्यात कोंडलं, ते मरेपर्यंत. सोबतीला हे दोन भाग. पहिल्या पानावर तिची बारीक सही होती आणि एका पानावर तिच्या मेणबत्तीचं मेण सांडलेलं होतं. तो मेणाचा थेंब दाखवताना वकीलसाहेबांचा आवाज भरून येई. "विचार करा," ते पाहुण्याला म्हणत, "बाई एकटी. आई मेली तर आईचं तोंडसुद्धा पाहू दिलं नाही तिला. केवढा निर्दय भाऊ." पाहुणा मान हलवायचा. उंबऱ्याशी कुंताचे डोळे भरायचे. त्या बाईचं लांबलचक परदेशी नाव तिला कधी जमलं नाही. ती मनात तिला कोंडलेली बाई म्हणायची.

दुसरा भाग जगात कुठेतरी होता. तो मिळावा हा वकीलसाहेबांचा एकच ध्यास. डाव्या हाताची दोन बोटं वर करून ते म्हणत, "दुसरा भाग एकदा हातात येऊ दे, मग मेलो तरी चालेल." हे ते इतक्या वेळा म्हणत की मोलकरणीलासुद्धा त्या दोन बोटांचा अर्थ ठाऊक झाला होता.

आता दोन हजार दोनच्या दसऱ्याची गोष्ट. दसऱ्याला वकिलांच्या घरी कायद्याची पुस्तकं पूजेला मांडतात. कुंता दरवर्षी बाहेरच्या ऑफिसातली जाडजूड पुस्तकं पाटावर रचायची, हळदकुंकू वाहायची, नव्या धानाची लोंबी ठेवायची. त्या सकाळी वकीलसाहेब घाईत होते. बाररूममध्ये कार्यक्रम होता. कोट चढवून निघताना दारातूनच म्हणाले, "पुस्तकांची पूजा आटपून घे." आणि मधल्या खोलीची किल्ली खिळ्याला तशीच राहिली.

कायद्याच्या पुस्तकांची पूजा झाली आणि कुंताची नजर त्या किल्लीवर गेली. तिला वाटलं, हा माणूस ज्यांच्यावर जीव टाकतो त्यांना बिचाऱ्यांना आजपर्यंत एक फूल नाही. इतक्या लांबून परक्या मुलखात आलेली, आपल्या घरची झालेली, आणि सणाच्या दिवशीही कपाटात उपाशी. तिने हात धुतले, पदराला पुसले, पुन्हा पुसले, अगदी खडखडीत कोरडे केले. मग अनवाणी आत गेली आणि कोंडलेल्या बाईचं पुस्तक तेवढं पाटावर आणलं.

पुठ्ठा उघडला तर आत चित्र. एक उंच बाई, केसांत धान्याच्या ओंब्या माळलेल्या, हातात पेटती मशाल. कुंता हसली. ही तर आपलीच, धानाची देवी. तिने त्या बाईच्या कपाळाला कुंकू लावलं आणि पायांशी लोंबी ठेवली. समोरचं पान जवळजवळ कोरं होतं, खालच्या कोपऱ्यात ती बारीक सही. तिथे तिने उजवा हात कुंकवात बुडवून पाचही बोटांनिशी उमटवला. लेक सासरी निघाली की तिच्या हाताचा ठसा माहेरच्या भिंतीवर घेतात. कुंताचाही सालेकशाच्या घरी होता, आणि दर दिवाळीला भिंत पांढरी करताना तिची आई, सुमित्राबाई, तेवढी जागा सोडून चुना लावत असे. या कोंडलेल्या बाईला निघताना कुणी हात ठेवायला लावला नसेल, तिच्या वाटचा आपण ठेवू, एवढंच कुंताच्या मनात होतं. कुंकू पक्कं बसावं म्हणून तिने ते तेलात कालवलं होतं.

दुपारी वकीलसाहेब खिशात आपट्याची पानं घेऊन आले. कुंता कौतुकाने सामोरी गेली. "आज मी आतल्या पुस्तकाचीबी पूजा केलो," ती म्हणाली. "कोंडलेल्या बाईच्या."

वकीलसाहेबांनी पुस्तक पाहिलं. ओरडले नाहीत. कापूस आणून एका कडेला हलकेच टिपून पाहिलं, तर तेल पान ओलांडून खालच्या पानात उतरलेलं होतं.

"कोणता हात?" त्यांनी विचारलं.

"उजवा."

"तेल घातलं होतं कुंकवात?"

"हो. पक्कं बसावं म्हून."

त्यांनी मान डोलावली. पुस्तक मिटून कपाटात ठेवलं, खोलीला कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली. मग कुंताचा तो लाल झालेला उजवा हात धरून त्यावर आपट्याचं पान ठेवलं आणि म्हणाले, "सोनं घे. काही गोष्टी एकदा गेल्या की परत येत नाहीत, कुंता. तुला ते समजत नाही. समजेल."

राजाच्या बहिणीच्या मेणाचा थेंब तो इतिहास, आणि बायकोच्या हाताचा तो डाग! त्या दिवशी त्यांनी दोन थपडा मारल्या असत्या तर कुंताला परवडलं असतं. रडली असती, संध्याकाळी पोळ्या केल्या असत्या आणि विषय मिटला असता. पण वकीलसाहेब तारखांवर चालणारे गृहस्थ. त्यांनी पुढची तारीख घेतली.

दिवाळी झाली. धानाची कापणी झाली, खळ्यांवर मळणी सुरू झाली. थंडी पडली. ते घरात बोलत, जेवत, वेळेवर कोर्टात जात, आणि कुंताला वाटायला लागलं होतं की राग गेला. मार्गशीर्षातल्या एका संध्याकाळी ते कोर्टातून आले, हातपाय धुऊन पाटावर बसले. कुंताने भात वाढला, वरण वाढलं. त्यांनी पहिला घास कालवला.

"तुझी आई गेली," ते म्हणाले.

कुंताच्या हातात वरणाची वाटी होती. तिला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही.

"परवा गेली. काल सकाळी माती झाली. तुझ्या चैतरामदादाचा फोन आला होता दोन वेळा. आधी सिरियस आहे म्हणून, मग गेली म्हणून. कुंताला आणा, आम्ही तिच्यासाठी थांबतो म्हणाला. मी सांगितलं, कुंताला ताप आहे, येणं होणार नाही, थांबू नका."

घरात फोन एकच, तो मधल्या कुलपाच्या खोलीत. गावाकडे तेव्हा मोबाइल नव्हते. दोन दिवस कुंता याच घरात होती, धडधाकट. काल माती होत होती तेव्हा ती अंगणात उडदाच्या वड्या घालत होती. आईचं तोंड आता तिला पाहता येणार नव्हतं, या जन्मात नाही.

"परत न येणारी गोष्ट म्हणजे काय, समजलं आता?" वकीलसाहेब म्हणाले. "वरण वाढ."

आणि कुंताने वाढलं. नवऱ्याने जे केलं ते केलं. पण आपल्या हाताने त्या वेळी वरण वाढलं याची चीड तिला पुढे आयुष्यभर पुरली. वाटी त्याच्या डोक्यात का घातली नाही, निदान भिंतीवर का फेकली नाही, हे ती स्वतःला विचारत राहिली. उत्तर सोपं होतं. वाढायची सवय होती.

दुसऱ्या दिवशी ती एकटीच निघाली. गोंदियापर्यंत बसने, तिथून पॅसेंजर गाडीने सालेकशाला. घरात शिरली तर बायका बोलायच्या थांबल्या. थोरला भाऊ चैतराम ओसरीवर डोकं भादरून बसला होता. तो उठला नाही.

"उतरला तुया ताप?" त्याने विचारलं.

"दादा, मले ताप नोहता. मले सांगतलंच नाई कोणी."

"जवाईबापू फोनवर लबाड बोलतीन का? यवढा मोठा वकील मानूस? कायले बोलतीन?"

त्या कायलेचं उत्तर काय द्यायचं? एका पुस्तकाला कुंकू लावलं म्हणून, असं सांगावं? कुंताने सांगितलं. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. असल्या कारणासाठी कुणी असं करतं का, हे त्यांच्या तोंडावर स्पष्ट लिहिलेलं होतं, आणि त्यांचं तरी काय चुकलं? खोटं असंच दिसतं, खरं बोलणाऱ्याला वेड्यात काढणारं.

"माय दाराकडे पाहून राहिली होती," चैतराम म्हणाला. "कुंती आली का, कुंती आली का. शेवटी म्या म्हनलो, येऊन राहिली, गाडीत बसली. मंग तिनं डोळे मिटले."

तेरवी आटपली. घराची शुद्धी म्हणून भिंतींना चुना दिला. या वेळी कुणी जागा सोडली नाही. कुंता निघाली तेव्हा तिने पाहिलं, दाराशेजारची भिंत कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पांढरीशुभ्र होती. त्यानंतर चैतरामचा फोन आला नाही, रक्षाबंधनाला बोलावणं आलं नाही. नवऱ्याचं घर सोडून बाई माहेरी जाते. कुंताचं माहेर फोनवरच गेलं होतं. ती कुठे जाणार? ती राहिली.

वर्षं गेली. वकीलसाहेबांच्या कपाटांत आणखी मालक आले. त्या दसऱ्याचा विषय घरात पुन्हा निघाला नाही. त्यांच्या दृष्टीने निकाल लागला होता आणि फाइल बंद होती.

दोन हजार नऊच्या उन्हाळ्यात कोर्टाच्या पायऱ्यांवर त्यांना झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डोकं मात्र शाबूत होतं. डॉक्टर म्हणाले, यांना सगळं ऐकू येतं आणि सगळं समजतं. मधल्या खोलीतच त्यांची खाट टाकली, कपाटांसमोर. आता उंबरा कोण अडवणार? कुंता दिवसातून दहा वेळा आत जाऊ लागली, ओल्या हातांनी. फोन बाहेरच्या बैठकीत आणून ठेवला.

तिने त्यांचं सगळं केलं. अंग पुसलं, कूस बदलली, पाठीला पावडर लावली, चमच्याने वरणभात भरवला. गल्लीतली शामकला रोज म्हणायची, "कुंताबाई, तुमचे हात सोन्याचे हाये. दुसरी असती तं पयाली असती." कुंताने त्यांचा छळ केला नाही, एक दिवस उपाशी ठेवलं नाही. मनात प्रेम होतं म्हणून नाही. भरवायची सवय होती.

वकीलसाहेबांजवळ आता एकच शब्द उरला होता आणि तो डाव्या हातात होता. फोन वाजला की हात पांघरुणातून वर यायचा आणि दोन बोटं उभी राहायची. दुसरा भाग? कुंता दारातून मान हलवायची. नाही. हात खाली जायचा. डोळे मग बराच वेळ दाराकडे लागलेले असायचे. त्या नजरेत आस अशी काही असायची की पाहणाऱ्याला कीव यावी. कुंताला यायची. आणि मग आठवायचं, दाराकडे डोळे लावून आणखी कुणीतरी पडलं होतं.

पुढच्या वर्षी थंडीत फोन वाजला. तिने उचलला.

"भाभीजी, जबलपुर से डॉक्टर श्रीवास्तव बोल रहा हूँ. वकीलसाहब की तबीयत का सुना, बहुत दुख हुआ. उनको एक खुशखबरी दे दीजिए. दूसरा भाग मिल गया. वही राजा की बहन, वही दस्तखत. मैं भी अब बूढ़ा हुआ, एक बार दोनों किताबें साथ रखकर देख लें हम दोनों. इतवार को आता हूँ. बता देंगी न उनको?"

"बता देती हूँ," कुंता म्हणाली आणि फोन ठेवला.

आत दोन बोटं वर झालेली होती. ती दारात उभी राहिली. जन्मात पहिल्यांदा असं झालं होतं की निरोप तिच्याजवळ होता आणि वाट पाहणारा तो होता. "बिजलीवाल्याचा होता," ती म्हणाली. हात खाली गेला.

सांगायचं तिने ठरवलं होतं, हे खोटं नाही. आज सांगते, संध्याकाळी सांगते, असं करत रविवार आला. सकाळी तिने त्यांची दाढी करवून घेतली, धुवट सदरा घातला, पाठीशी उशा लावून बसतं केलं. "पाहुणे येऊन राहिले," एवढंच म्हणाली. त्यांनी प्रश्नार्थक पाहिलं. ती स्वयंपाकघरात गेली. पाहुणे आले की त्यांना सरळ आत न्यायचं, मग जे होईल ते होऊ दे, असा विचार करून तिने चहाचं आधण ठेवलं.

डॉक्टर गोंदियाहून गाडी करून आले. वाकलेले, गोरे. बैठकीत बसले, पिशवीतून मऊ कापडात गुंडाळलेलं पुस्तक काढलं आणि लहान मुलासारखे हसले. "पहले वाला ज़रा ले आइए, भाभीजी. जोड़ी बनाकर ही अंदर चलते हैं. वो देखेंगे तो उनका जी खुश हो जाएगा."

कुंता आत गेली. वकीलसाहेब बाहेरचं हिंदी बोलणं कान देऊन ऐकत होते, पण मध्ये दोन दारं होती, बोळ होता, शब्द काही पोचत नसावेत. ती कपाटाशी गेली, त्यांच्याकडे पाठ करून पुस्तक काढलं, पदराखाली धरलं आणि बाहेर आली. डॉक्टरांनी पुठ्ठा उघडला. धानाची देवी तशीच होती, कपाळावर लाल टिकली. समोर कुंकवाचा हात, आता थोडा तपकिरी झालेला, भोवती तेलाचं कडं.

"अच्छा, यही है वो हाथ," डॉक्टर म्हणाले. आवाज एकदम हळू झाला. "वकीलसाहब ने फ़ोन पर बताया था. नौकरानी ने किताब बिगाड़ दी, कहते थे."

कुंताने चहाचा कप त्यांच्यापुढे सरकवला.

"मैंने तो उसी वक़्त कहा था, उसी दीवाली पर. वकीलसाहब, बिगड़ी कहाँ है? हम लोग मोमबत्ती की बूँद लिए बैठे हैं, और आपके यहाँ इस किताब की पूजा हुई है. ऐसी दूसरी दुनिया में नहीं मिलेगी. बहुत समझाया मैंने. आख़िर में मान भी गए थे. हँसकर बोले, हाँ डॉक्टर, क़ीमत तो बढ़ ही गई समझो."

"दिवाळीला?" कुंताने विचारलं. "पक्का दिवाळीला?"

"जी हाँ. दीवाली की शुभकामना देने को ही तो फ़ोन किया था."

दिवाळी आधी, मार्गशीर्ष नंतर. हिशेब करायला सातवी पुष्कळ झाली. म्हणजे पुस्तक बिघडलं नाही हे त्यांना पटलेलं होतं. राग उतरलेला होता. आणि तरीही मार्गशीर्षात चैतरामचा फोन आला तेव्हा त्यांनी दोनदा तो ऐकून घेतला, दोनदा ठेवून दिला. पुस्तकासाठी नाही. करता येत होतं म्हणून. इतकी वर्षं कुंता मनात कुठेतरी म्हणत आली होती की माझा हात पडला नसता तर आईचं तोंड दिसलं असतं. एवढं एक ओझं तिने स्वतःकडे ठेवलं होतं, तेही वकीलसाहेबांचा दोष तेवढा हलका व्हावा म्हणूनच.

आतून ठक ठक असा आवाज आला. वकीलसाहेब डाव्या हाताने खाटेच्या दांडीवर मारत होते. पाहुण्याला आत आणा, असा त्याचा अर्थ.

"अंदर चलें?" डॉक्टर उठू लागले.

"नाही," कुंता म्हणाली. तिने जाऊन बोळातलं दार ओढून घेतलं. "उनको बुखार है. किसीको पहचानते नहीं."

"एक नज़र देख लेता. इतनी दूर से..."

"बुखार है," ती पुन्हा म्हणाली. "किताब ले जाइए. उनकी यही इच्छा थी, दोनों साथ रहें."

डॉक्टरांनी नाही नाही म्हणून पाहिलं. मग त्यांच्या डोळ्यांना पाणी आलं. संग्रह करणाऱ्या माणसाच्या डोळ्यांना पाणी लवकर येतं. कुंताने ते वीस वर्षं उंबऱ्यातून पाहिलं होतं. त्यांनी दोन्ही भाग एकावर एक ठेवले, एकाच कापडात गुंडाळायला घेतले, आणि थांबले. पहिल्या पानाशी जाऊन खिशातून पेन्सिल काढली.

"उस नौकरानी का नाम क्या था? हाथ के नीचे लिख देता हूँ."

"कुंता."

राजाच्या बहिणीच्या सहीशेजारी त्यांनी बारीक अक्षरात ते लिहिलं. "अभी है यहाँ?"

"नहीं. चली गई."

गाडी गेली. कुंताने कप विसळले आणि आत गेली. दोन बोटं वर, डोळे कपाटाकडे, मग दाराकडे, मग तिच्याकडे. कपाटातली मोकळी जागा त्यांच्या उशापासून दिसत नव्हती. "कोणी नाई," ती म्हणाली. "पत्ता चुकून आले होते." त्या दिवशी तिने त्यांना रोजच्यासारखं भरवलं, रोजच्यासारखं झोपवलं. काही बोलली नाही. तिलाही एक दिवस जाऊ द्यायचा होता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिने भात कालवला, वरण घातलं, खाटेशी स्टूल ओढून बसली. पहिला घास त्यांच्या तोंडात दिला आणि तो गिळून होऊ दिला.

"तुमचं दुसरं पुस्तक आलं होतं," ती म्हणाली.

चमच्याकडे येणारं तोंड थांबलं.

"काल आलं. जबलपूरचे डॉक्टर घेऊन आले होते, तुमाले दाखवाले. दोनी पुस्तकं बाहेर टेबलावर शेजारी शेजारी होती. जोडी चांगली दिसून राहिली होती. मंग पयलंबी देऊन टाकलो मी त्याहिले. तुमाले भेटतो म्हनत होते. मी सांगतलो, ताप हाये, थांबू नका."

वकीलसाहेबांच्या घशातून आवाज आला. तो कुठल्याच भाषेतला नव्हता. डोळे कपाटाकडे गेले, फिरले, तिच्यावर आले, आणि कुंताने पाहिलं की त्यांना सगळं समजलं. ताप कोणता, तेसुद्धा. पांघरुणातून डावा हात वर आला. दोन बोटं उभी राहिली, तशीच राहिली.

कुंताने उजव्या हाताने ती बोटं मिटवली, हात पांघरुणात सरकवला, आणि चमचा भरला.

"वरण घ्या," ती म्हणाली.